रिपीटरवरची बिनपरवाना बाई

आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कोणी मला शहाणपणा शिकवायला येणार नाही. मी वर्ध्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. रेडिओवर विचित्र आवाज आला की कुठेतरी केबलमध्ये पाणी गेलेलं असतं, नाहीतर एखादा बिनडोक माणूस बटण दाबून बसलेला असतो. तिसरं कारण मला आजवर सापडलेलं नव्हतं. घरचं वळणही तसंच. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव निघाले, अन् देवांच्या मागोमाग भुतंही गेली, असं बाबा हसून सांगायचे. त्यामुळे या सदरात मी कधी लिहीन असं स्वप्नातही नव्हतं. आणि लिहितेय ते भीतीपोटी नाही, वैतागून. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या अर्ध्यांनी "मॅडम, मीठ-मिरची जरा कमी करा" म्हटलं, आणि उरलेल्यांनी उतारा सुचवला.

तर मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाली. यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो आणि स्वतःचं कॉलसाइन मिळतं. गाडीला नंबर असतो तसं हे माणसाला. बोलायला सुरुवात करताना आणि संपवताना ते सांगायचं. आमच्यासाठी काही फ्रिक्वेन्सी राखून ठेवलेल्या आहेत. त्यांवर धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत. पूर आला, मोबाईलचे टॉवर बसले की आमचे हे डबे कामाला येतात. एरवी लोक हसतात. मी बोरगाव मेघेला राहते, गच्चीवर अँटेना आहे, आणि आमच्या शेजारीण बाईंचं ठाम मत आहे की त्यांच्या कढीपत्त्याच्या झाडावर कीड पडते ती माझ्या अँटेनामुळेच.

आमच्या ग्रुपचा एक रिपीटर आहे. उत्तरेकडच्या एका टेकडीवर ठेवलेलं यंत्र — खालून कोणी कमी ताकदीच्या सेटवरून बोललं की ते ऐकतं आणि तेच जोरात सगळीकडे फेकतं. त्यामुळे आष्टीकडचा माणूस हातातल्या सेटवरून वर्ध्याशी बोलू शकतो. हा रिपीटर उभा केला सेलूच्या धोटेकाकांनी. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. मला या छंदात आणलं त्यांनी, मोर्स शिकवलं त्यांनी, परीक्षेला बसवलं त्यांनी. मी त्यांना वडिलांच्या जागी मानते. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागेल.

आता मूळ दुखणं. आजकाल ऑनलाईन कुठलाही वॉकीटॉकी मिळतो. स्वस्त, दिसायला झकास, अन् कारखान्यातून कुठल्या फ्रिक्वेन्सीवर लावून येतो हे घेणाऱ्याच्या बापालाही ठाऊक नसतं. मंगल कार्यालयवाले घेतात, सिक्युरिटीवाले घेतात, कापसाचे जिनिंगवाले घेतात. मग आम्ही आपले नियम पाळून एकमेकांना सिग्नल कसा येतोय ते विचारत असतो, आणि मधेच कोणीतरी ओरडतो, "अबे पुऱ्या संपल्या, पुऱ्या पाठव!" मी शांतपणे सांगते की दादा, ही परवान्याची फ्रिक्वेन्सी आहे, इथे बोलणं बेकायदेशीर आहे. त्यावर उत्तर येतं, "तू कोण वं?"

तक्रार करायची म्हटलं तर ज्या ऑफिसचं हे काम तिथून विचारणा येते — ठिकाण कळवा, वेळ कळवा, पुरावा जोडा. ठिकाण मलाच माहीत असतं तर मीच नसते का गेले चप्पल घेऊन? अर्थात त्यांचीही बाजू आहे. माणसं थोडी, राज्य मोठं, आणि विमानतळाच्या नाहीतर पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर कोणी घुसलं तर ते आधी. आमच्या पुऱ्यांचा नंबर शेवटी लागणार हे मला कळतं. पण वैताग यायचा तो येतोच.

मागच्या पावसाळ्यानंतर रिपीटरवर एक गिट्टीखदान येऊन बसली. तळेगाव श्यामजी पंतच्या बाजूची असावी, कारण बोलण्यात तळेगावचा बाजार यायचा, संत्र्याच्या गाड्यांनी रस्ता अडवल्याची कुरकुर यायची. टिप्पर खाली लाव, पोकलेन मागे घे, क्रेशर बंद कर… सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. मी सांगून पाहिलं, धोटेकाकांनी खास त्यांच्या भाषेत सांगून पाहिलं. दोन दिवस गप्प बसायचे, पुन्हा चालू.

आणि या गोंधळात ती बाई आली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत खदानवाले जरा थंडावायचे, तेव्हा तिचा आवाज यायचा. वयस्क, थोडा घोगरा. घाईत नाही, घाबरलेला नाही. हजारदा सांगून कंटाळलेल्या बाईचा असतो तसा.

"ऊठ नं वं सुमन. तिथं नको बसू. कितीकदा सांगू तुले?"

बस. एवढंच. कधी "ऐकत काऊन नाई तू" एवढं जास्तीचं. पुढे काही नाही, आणि उत्तरही कुणाचं नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डबा खात होते, अन् मला हसूच आलं. म्हटलं, आता खदानीतल्या बायकांच्या हातीही सेट दिलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. मग माझं नेहमीचं सुरू झालं — "ताई, ही परवान्याची फ्रिक्वेन्सी आहे, आपण कोण बोलताय ते सांगा." त्यावर कधीच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आपली सुमनला उठवायला हजर. ग्रुपमधल्या पोरांनी ते रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, त्यावर विनोद झाले. कोणी उशिरा आलं की "ऊठ नं वं सुमन" असा मेसेज यायचा.

शेवटी काका म्हणाले, आता कुलूप लावू. रिपीटरला टोन लावता येतो. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली सेटमधून एक बारीक ठरलेला सूर जातो, कानाला ऐकू न येणारा. तो असेल तरच रिपीटर दार उघडतो, नाहीतर ढिम्म. तो सूर कोणता हे फक्त आमच्या परवानाधारकांना सांगायचं ठरलं. काका स्वतः टेकडीवर जाऊन ते करून आले.

काय सांगू, इतकी शांतता! टिप्पर गेले, पोकलेन गेलं, पुऱ्यासुद्धा गेल्या. मी संध्याकाळी काकांना फोन करून थँक्यू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीटर उघडला. "ऊठ नं वं सुमन. तिथं नको बसू."

आता इथे जरा थांबून विचार करा, कारण ग्रुपने केला. कुलूप लागल्यावर बाहेरचं कोणी येऊच शकत नाही. किल्ली फक्त आमच्याकडे. म्हणजे बोलणारी व्यक्ती आमच्यातलीच. आणि आमच्या ग्रुपात बाई एकच आहे.

मला कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त ग्रुपवरचे विनोद बंद झाले. मी रेडिओवर चेक-इन केलं, म्हणजे हजेरी लावली, की उत्तर यायला वेळ लागायला लागला. घरी आमच्या मिस्टरांनी जेवताना विचारलं, "तूच तं नाई बोलून राह्यली ना?" मी वाटी आपटली तेव्हा म्हणाले, "मी आपलं विचारलं. काही स्ट्रेस-बिस असन तं…" याच माणसाने सकाळी माझ्यासमोर बसून तो आवाज ऐकला होता हो! म्हणजे सकाळी नाही, दुपारी, रविवार होता. मी समोर पोळ्या लाटत होते आणि सेट फ्रीजवर होता. पण नवऱ्याची साक्ष कोण धरतो, आणि इथे तर नवऱ्यालाच खात्री नव्हती.

मग कळलं की नागपूरला, परवान्याच्या त्या ऑफिसात, तक्रार गेली आहे. माझ्या नावाने. परवानाधारक असून खोट्या नावाने प्रसारण करते, नियमभंग करते, चौकशी व्हावी. खाली सही धोटेकाकांची.

मी गाडी काढून सरळ सेलू गाठलं. काका दुकानात बसले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी सुट्या पार्टचं छोटं दुकान टाकलंय. मला पाहून त्यांनी सोल्डरिंग गन बंद केली आणि स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही.

"रत्ना, मले पटत नाई," ते म्हणाले. "पण टोन मी स्वतः लावला. तो उघडून राह्यला. आपल्या लोकांशिवाय कोणापाशी तो नाई, अन् आपल्यात बाई तू एकच. सांग, मी काय करू? तू माही पोरगी म्हणून दाबून टाकू?"

"मला एकदा विचारायचं तरी."

"इचारलं असतं, तू नाई म्हणली असती. मग?"

माणूस नियमाने वागत होता. नियमाने वागायला यांनीच मला शिकवलं होतं. मी परत येताना इतकी चिडले होते की पवनारच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसती बसून राहिले. परवाना गेला तर छंद गेला, ते एक वेळ सोडा. मी ज्या विषयाच्या जिवावर मुलांसमोर उभी राहते, त्याच विषयात माझ्यावर लबाडीचा शिक्का बसणार होता. आणि तोही एका अशा बाईमुळे, जिला सुमनला उठवण्यापलीकडे काही काम नव्हतं.

अधिकारी आले ते आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, सकाळी. त्यांचं नाव लिहीत नाही, अजून नोकरीत आहेत. मध्यम वयाचे, अगदी कोरडे, चहाला नाही म्हणणारे. सोबत धोटेकाका. ते माझ्याकडे न बघता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. साहेबांनी परवाना पाहिला, सेट पाहिला, माझे सगळे सेट टेबलावर ठेवायला लावले, अँटेनाची केबल स्वतः काढली, बॅटऱ्या खिशात घातल्या. मग आपला रिसीव्हर सोफ्यावर ठेवला आणि मला समोर बसवलं. मिस्टरांनाही बसवलं. आम्ही चौघं ड्रॉइंगरूममध्ये, कोणाच्या तरी मयतीला आल्यासारखे. मला तर इतका संताप आला होता की आज ती बाई आलीच नाही तर काय, हा विचारसुद्धा मनात यायला उशीर लागला. आला तेव्हा मात्र मी सारखी घड्याळाकडे बघायला लागले. कारण आज ती आली नाही, तर माझे सेट बंद असताना आवाज बंद, हाच पुरावा.

आयुष्यात मी कोणा बिनपरवाना माणसाची वाट पाहिली असेल तर तेव्हा.

जेवणाच्या वेळेला आली. "ऊठ नं वं सुमन," — आणि मी खरंच सांगते, मला रडू फुटलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते, ते रिसीव्हरच्या पडद्याकडे बघत होते. कपाळाला आठ्या.

"हिच्यात टोन नाहीये," ते म्हणाले.

काका म्हणाले, कसं शक्य आहे, मग रिपीटर उघडतो कसा? साहेब म्हणाले, "तेच मी तुम्हाला विचारतोय. यंत्र तुमचं आहे." काकांनी स्वतः पडद्यात पाहिलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीतून आम्ही तिघं तळेगावकडे निघालो. मी रजा टाकली होती, कारण नाव माझं गोवलेलं, तर शेवट मलाच बघायचा होता. पद्धत साधी असते. रिपीटर जे फेकतो ते ऐकायचं नाही, रिपीटरकडे जे जातं ते ऐकायचं. त्याचा पल्ला कमी असतो, म्हणून ते ऐकू यायला लागलं की माणूस जवळ आहे. मग हातात मासळीच्या काट्यासारखी अँटेना धरून फिरवायची, ज्या दिशेला आवाज सगळ्यात मोठा त्या दिशेला जायचं. तळेगाव यायच्या आधीच खदानवाल्यांचं बोलणं धडधडीत ऐकू यायला लागलं. बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता की रिपीटरने त्यांना हाकललंय, ते आपले बोलतच होते. साहेबांचा चेहरा जरा खुलला. निदान हे तरी चोर खरे होते.

खदानीच्या अलीकडे कपाशीच्या कडेला गाडी थांबवली. जेवणाची वेळ होत आली होती. अँटेना माझ्या हातात होती. तो आवाज आला तेव्हा मी ती हळूहळू फिरवली, आणि रिसीव्हरचा काटा सगळ्यात वर चढला तेव्हा अँटेनाचं टोक खदानीच्या उंच कड्याकडे होतं. ऑफिसच्या पत्र्याच्या शेडवर नाही, गाड्यांवर नाही. जिथून दगड काढून काढून डोंगर उभा कापला होता, तिकडे.

"म्हणजे आत कोणा बाईच्या हातात सेट आहे," साहेब म्हणाले, आणि गाडी सरळ फाटकातून आत घातली.

मॅनेजर आधी अदबीने वागला, मग परवान्याचं विचारल्यावर त्याचा सूर बदलला. वॉकी तो सब लोग रखते हैं साहब, शादी-ब्याह में भी रखते हैं. साहेबांनी त्याला कलम ऐकवलं आणि सगळे सेट इथे आणा म्हणाले. ड्रायव्हरांचे आले, सुरुंगवाल्याचा आला, मुकादमाचा आला. साहेब म्हणाले, आता बायकांकडचे.

"औरतों के पास नहीं रहता साहब," मॅनेजर म्हणाला. "उनको कौन देगा?"

साहेबांनी ऐकलं नाही. सगळ्या बायकांना बोलवा, एकही मागे राहता कामा नये, मी स्वतः विचारणार. मॅनेजर म्हणाला, जेवायला बसल्यात, अर्ध्या तासाने आणतो. साहेब म्हणाले, आत्ता. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला होता, खरं सांगते. भर उन्हात राबलेल्या बायका, त्यांचं जेवण तोडून कशाला? मी तसं बोललेही. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यावरचा आरोप काढायचा आहे ना?"

मुकादम जाऊन त्यांना घेऊन आला. कड्याच्या पायथ्याशी आतल्या अंगाला कापलं गेल्यामुळे तिथे सावली पडायची, तिथेच त्या रोज जेवायला बसायच्या. हात तसेच भाजीचे, कपाळाला फडकी बांधलेली, आणि कुरकुर करत आल्या. एकीने तर साहेबांना सरळ विचारलं, "आमी का चोर हाओ का?" पोकलेनचा ड्रायव्हर काय तमाशा आहे ते बघायला त्यांच्या मागोमाग आला.

टेबलावर सगळे सेट ओळीने, बॅटऱ्या काढून बाजूला. बायका ओळीने. साहेबांनी विचारलं, सुमन कोणाचं नाव आहे? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागची एक बारीक, काळीसावळी बाई पुढे आली. तिशीतली असेल. "मी सुमन. म्या काय केलं?"

आणि तेव्हा साहेबांच्या हातातल्या रिसीव्हरमधून तो आवाज आला. मी त्या बायकांच्या तोंडांकडे बघत होते. सगळ्यांची तोंडं बंद होती. काका सेटकडे बघत होते, ते सगळे मेलेले. आवाज इतका जवळचा की रिसीव्हरचा काटा शेवटाला जाऊन टेकला.

"उठली एकदाची," ती म्हणाली. नेहमीचाच वैतागलेला सूर. पण काम झाल्यावरचा.

कोणी काही बोलायच्या आत मागून आवाज झाला. मला वाटलं सुरुंग. जमीन पायाखालून हलली, शेडचे पत्रे खडखडले, आणि मग पांढरी धूळ आली. इतकी की समोरच्या काकांचा शर्ट दिसेना. बायका एकमेकींना धरून ओरडत होत्या. धूळ बसली तेव्हा तो कडा नव्हता. म्हणजे वरचा होता, पण खालचा आतला भाग सगळा बसला होता, आणि जिथे सावली होती तिथे खोलीएवढाले दगड होते. पाण्याचा कॅन, डबे, एकीची पिशवी, सगळं त्याखाली.

मुकादम बायकांची नावं घ्यायला लागला. सगळ्या होत्या. पोकलेनवालाही होता, त्याचं पोकलेन नव्हतं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. तहसीलचे लोक आले, पोलीस आले, काम बंद झालं. पावसाचं पाणी मुरून कडा ढिला झाला होता, आणि खालून कापायला नको तितका कापला होता, असं म्हणाले. ते मला पटतं. दगड पडण्यात मला काहीच नवल वाटत नाही. बिनपरवाना सेट जप्त झाले. साहेबांनी माझ्यावरच्या तक्रारीत तथ्य नाही असं लिहून दिलं. बाईच्या आवाजाबद्दल त्यांनी लिहिलं, "प्रसारणाचा स्रोत आढळून आला नाही." मी त्यांना फोन करून विचारलं, एवढंच? ते म्हणाले, "मॅडम, जे आढळलं नाही ते आढळलं नाही असंच लिहितात. तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर सांगा."

धोटेकाकांनी माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभाव नाही. ते एका सकाळी सेलूहून बोरगावला आले, न विचारता गच्चीवर चढले, माझी अँटेना खाली उतरवून तिचे सगळे जोड नव्याने केले, आणि जाताना म्हणाले, "पाणी जाऊन राह्यलं होतं त्याच्यात." मी त्यांना जेवूनच पाठवलं. टोनचं यंत्र त्यांनी उघडून तीनदा तपासलं. ठणठणीत आहे. ती बाई सोडली तर टोनशिवाय आजपर्यंत एकदाही उघडलेलं नाही. आम्ही दोघांनी मुद्दाम किती प्रयत्न केले ते सांगत बसत नाही.

ती बाई पुन्हा आली नाही.

सुमनला मी नंतर भेटले. तळेगावजवळच एका संत्र्याच्या बागेत ती तोडणीला जायला लागली होती. मी तिला विचारायला गेले होते, कारण मला उत्तर हवं होतं. तुम्हाला वाटत असेल तेच मलाही वाटत होतं — हिची आई असेल, सासू असेल, कोणी गेलेलं माणूस. असं काही निघालं असतं तर मी मानलं नसतं, पण निदान एक धागा मिळाला असता. मोबाईलवर पोरांनी केलेलं रेकॉर्डिंग तिला ऐकवलं. ती बांधावर बसली होती, पाय लांब करून. पूर्ण ऐकलं.

"कोणाचा आवाज आहे?" मी विचारलं.

"माहीत नाई बाई."

"आई?"

"माय मी लहान होती तवाच मेली. मले तिचा आवाज याद नाई. मामीनं वाढवलं, तिचा असा नाई. सासू मुकी होती." मग म्हणाली, "मले असं कोणी बोलावतच नाई. आमच्याइकडे 'ए' म्हणते, नाई तं 'अवं पोट्ट्याची माय'."

तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. मग पुन्हा. माझा अर्धा दिवस गेला होता आणि हाती काहीच नव्हतं. मी जरा त्रासूनच म्हटलं की बघ, आठवून बघ, गावातली कोणी म्हातारी, खदानीत आधी काम केलेली कोणी… तिने मान हलवली. निघताना मी तिला म्हटलं, मी शोध घेणं सोडणार नाही. कळलं की तुला फोन करीन.

"नका करू," ती म्हणाली.

मला वाटलं घाबरली. काऊन, विचारलं.

तिने संत्र्यांच्या ढिगातलं एक उचलून पदराला पुसलं. "सुमन लय असते बाई. तुम्ही शोधान, अन् निघन, का ते बाई दुसऱ्याच सुमनले बोलून राह्यली होती. मंग?"